सौंदडवालीचा धावडा

शालीकरामने कनवटीचा चाकू काढून टोपलीत टाकला, त्यामागून कानकोरणं टाकलं, आणि चुन्याची डबी मुठीत धरून तो फाटकातच अडून उभा राहिला.

“ही पितळेची होय,” तो म्हणाला. “पितळेनं कोनतं झाड मरते, सांगा बरं?”

टोपली घेऊन म्हातारा सुकराम बसला होता. त्याने टोपली वीतभर पुढे सरकवली आणि डबीच्या झाकणाकडे बोट केलं. झाकणाची कडी लोखंडी होती. बरडावरच्या या बनात शिरायचं तर अंगावरचं लोखंड फाटकात ठेवायचं, मग येणारा कुणी का असेना. मागे एकदा तहसीलदारसाहेब बन पाहायला आले, तेव्हा त्यांच्या बुटांना नाल निघाली आणि साहेब अनवाणी आत गेले. ही गोष्ट तीन गावांत अजूनही इतक्या चवीने सांगितली जायची की, दर वर्षी साहेबांच्या तळपायात एकेक काटा वाढत असे.

शालीकरामने मग दिवसभर पुरेल एवढा चुना पानावर काढून घेतला आणि पोरीची पाठवणी करावी तशी डबी टोपलीत ठेवली.

त्याच्यामागे त्याची बहीण अनुसयाबाई उभी होती. तिने कमरेचा अडकित्ता काढून दिला. काखेतलं गाठोडं मात्र तिने या काखेतून त्या काखेत घेतलं आणि त्यावर पदर ओढला. सुकरामने एकदा गाठोड्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. तिने पदर आणखी घट्ट धरला. पण म्हाताऱ्याने मान खाली घातली, शेजारी पडलेला दांडा उचलला आणि त्याच्यावर भार देत तो उठला. कुऱ्हाडीचाच दांडा होता तो, पण पुढे पातं नव्हतं. बनाचा राखणदार बनात नुसता दांडा घेऊन फिरे; पातं फाटकातल्या झोपडीत टांगलेलं असे आणि काम पडलं तरच बाहेर निघे.

गाठोड्यात तिचं एक लुगडं होतं, वाटेपुरते पोहे होते आणि लुगड्याच्या घडीत कुऱ्हाडीचं पातं होतं.

“चला इवाई, दाखवा तुमचं बन,” शालीकराम मोठ्या उत्साहाने म्हणाला.

फाटकाच्या आत वाट पाहत उभे असलेले मुलाचे वडील भैयाजी हसले. उंच, हाडापेराचा माणूस. केशोरीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. “अजून पाहुनेच म्हना,” ते म्हणाले. “मेढ निघाली का मंग इवाई.”

ही तिथली रीत होती. या तीन गावांत जी पोरगी सून म्हणून यायची, तिच्या माहेरच्या मांडवाची मुहूर्तमेढ या बनातून जायची. दोन्हीकडच्या माणसांनी मिळून झाड पाहायचं, मेढ काढायची आणि पोरीच्या मामाने ती खांद्यावर घालून न्यायची. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, त्यानंतर. मेढ निघाल्याशिवाय सोयरीक पक्की धरत नसत, आणि निघाल्यावर मोडत नसत. म्हणून शालीकराम आदल्या दिवशी सौंदडहून छोट्या लाइनीच्या आगगाडीत बसून अर्जुनीला उतरला होता आणि तिथून भैयाजींनी पाठवलेल्या बैलबंडीत हाडं खिळखिळी करून घेत इथवर आला होता. बहिणीला त्याने येऊ नको म्हणून परोपरीने सांगितलं होतं. मांडवाच्या कामात विधवा बाईने पुढे होऊ नये, एवढं तिलाही कळत होतं. पण पोरीच्या, शामकलाच्या, लग्नाचं ठरल्यापासून तिने एकच धोशा लावला होता, की मी बन पाहणार. भावाला वाटलं, पोरगी जाणार म्हणून बाईचं मन थाऱ्यावर नाही.

शामकला अठराव्यात होती. बाप नसलेली पोरगी म्हणून आधीच्या दोन सोयरिकी बोलता बोलता विरून गेल्या होत्या. मग भैयाजींचा चैतराम आला. पाहायला म्हणून आला आणि सौंदडच्या विहिरीवर दोर तुटलेला पाहून, पाहुणा असल्याचं विसरून, आत उतरून घागर काढून बसला. ओल्या धोतरानेच त्याने पोहे खाल्ले. त्या दिवशी शामकला चुलीपाशी तोंड लपवून इतकी हसली की अनुसयाबाईला डोळ्यांत पाणी आणून तिच्याकडे पाहत राहावं लागलं. हे लग्न व्हावं असं तिला फार वाटत होतं. आयुष्यात तिने देवाजवळ दुसरं काही इतक्या आशेने मागितलं नव्हतं.

आणि म्हणूनच ते पातं गाठोड्यात होतं. त्याचं काय करायचं, हे तिचं अजून ठरलं नव्हतं.

बाहेर बरड होता. लाल मुरूम आणि गोटे. गवताची काडी दिसली तर ती वाट चुकलेली समजावी. छपन्नच्या दुकाळात तीन गावांनी या बरडावरचं लाकूड नेलं, पाला नेला, शेवटी खुंटांच्या मुळ्याही उकरल्या. मग राहिलेल्या खुंटांभोवती भैयाजींच्या वडिलांनी आणि आणखी दहा जणांनी गोट्यांचा बांध घातला आणि ठरवलं की आता इथे काहीच करायचं नाही. कुणी एक रोप लावलं नाही. ढोर आणि कुऱ्हाड दोन्ही बाहेर ठेवली, एवढंच. पस्तीस वर्षांत त्या बांधाच्या आत सलई, खैर, तेंदू, बिजा, मोह असं सगळं उभं राहिलं होतं. फाल्गुनाचं ऊन कडक होतं, पानगळ झालेली होती, तरी आत पाऊल टाकल्याबरोबर घसा ओला झाल्यासारखं वाटे. मोहाच्या फुलांचा वास सुटला होता. पायाखाली वाळका पाला करकरत होता, आणि पुढे कुठेतरी पळस एकटाच भडकला होता.

“तवा येथी कावळा बसत नव्हता,” भैयाजी सांगत होते. “आता मोर हायेत. माया बापानं मोर नाही पाह्यला, पन बांध घालून गेला.”

शालीकराम दर दहा पावलांवर थांबून एखादं झाड निवडत होता आणि भैयाजी ते नाकारत होते. हा बिजा वाकडा. ह्या मोहाला अजून फुलं यायची आहेत. तो तेंदू ज्याचा आहे त्याला विचारावं लागेल. अनुसयाबाई चार पावलं मागे चालत होती. तिच्यामागे सुकराम, दांडा टेकत.

वाट तिला ओळखीची वाटत नव्हती. सतरा वर्षांपूर्वी ती या बनात दोनदा आली होती, आणि दोन्ही वेळा तिने आजूबाजूला पाहिलं नव्हतं. तेव्हा ती बनापलीकडच्या खैरटोल्यात राहत होती. तिचा नवरा टिकाराम मूळचा लाखांदूरकडचा. लग्नानंतर दोन वर्षांनी आईला आणि बायकोला घेऊन तो खैरटोल्यात धानाची शेती करायला आला. तिथे त्यांनी पुरता एक पावसाळाही काढला नाही. सोयरीक बोलताना शालीकरामने टिकारामचं मूळ गाव सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. खैरटोल्याचं नाव मात्र काढू नको, तिथली आठवण नको, असं बहिणीने त्याला बजावलं होतं. दुःखापायी म्हणत असेल, असं समजून त्याने ते पाळलं. भाऊ बडबड्या होता, पण बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हता.

उतारावर एक मोठा काळा खडक आला. त्याच्यावर कुणी पाठ टेकल्यासारखी एक खोलगट भेग होती. ती भेग पाहिल्याबरोबर अनुसयाबाई जागीच थांबली. त्या भेगेत तिने पोर निजवली होती, फडक्यात गुंडाळून, हातात कुऱ्हाड घेण्याआधी.

“हे घ्या!” शालीकराम पुढे ओरडला. “कायले हिंडून राहिलो आपन? मेढ तं येथी उभी हाये!”

खडकाच्या अंगाला धावड्याचं झाड होतं. एका बुंध्यातून तीन खोडं निघाली होती. तिन्ही सरळ, पांढुरकी, घरच्या खांबांसारखी. बुंध्याभोवती तीन मोठे गोटे मांडलेले होते आणि झाडाखालची जमीन झाडून लख्ख केलेली होती. बनात सगळीकडे पाला घोटाभर साचलेला, इथे मात्र एक पान नव्हतं. शालीकरामने मधल्या खोडाला मिठीच मारली.

“त्याले हात नका लावू,” भैयाजी म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “ते आपलं नोहे. ते सौंदडवालीचं होय.”

“सौंदडवाली? आमच्या गावची?”

“होती एक. नाव कोनाले मालूम नाही. खैरटोल्यात मुक्कामाले आलेलं घर होतं.” भैयाजी खडकावर टेकले. ही गोष्ट त्यांनी पुष्कळदा सांगितलेली दिसत होती, आणि पुष्कळदा सांगूनही ती गोड झाली नव्हती. “मानमोडीची साथ आली त्या सालची गोष्ट. घराघरात मुडदे. त्या बाईनं एका पहाटे येथी येऊन धावडा तोडला, मान्साले जाळासाठी.”

“अरे बापा! राखलेल्या बनात?”

“तोडला त्याचं काही नाही,” भैयाजी म्हणाले. “तसा वखत होता. पन बनाचा नेम हाये: तोडलं त्यानं राखलं पायजे. राखणदार खुंटाले काटे लावून देते, तीन गोटे मांडून देते. मंग तोडनाऱ्यानं तीन उन्हाळे पानी घालाचं, ढोरं हाकलाची, फुटवा बकरीच्या तोंडाच्या वर जाते तवरी. मंग ते झाड त्याचं. त्याच्या घरच्या मांडवाले त्याचीच मेढ. असा नेम. कोनाले मारत नाही, कोनाले बाहेर टाकत नाही. फक्त राखाचं. आन ते बाई चवथ्या दिवशी गेली न निघून! वळून नाही पाह्यलं. दोन उन्हाळे कावड मी वाह्यली, तिसरा या सुकरामनं. हे पाहा.” त्यांनी उजव्या खांद्यावरचं उपरणं बाजूला केलं. तिथे जुना घट्टा होता, काळा पडलेला. “गावानं झाड तिच्याच नावानं ठेवलं. नेम तो नेम. पन खरं सांगू का पाहुने? तोडून पळनाऱ्याच्या घरची पोरगी कोनी करू नये.”

शालीकरामने खोडाला मारलेली मिठी सोडली आणि जोरजोराने मान हलवून होकार दिला. खैरटोल्याचं नाव ऐकून त्याच्या कपाळावर एक बारीकशी आठी पडली होती, पण तिचा अर्थ लावण्याइतका तो चपळ नव्हता.

अनुसयाबाई झाडाखाली झाडलेल्या जमिनीच्या कडेला उभी होती. पुढे पाऊल टाकवत नव्हतं. राखायचं? नुसतं राखायचं होतं? तिच्या कानांत दुसरं काही शिरेना. सतरा वर्षं ती ज्या गोष्टीला शाप समजत आली, ती एक कावड पाणी होती.

गप्प राहणं अगदी सोपं होतं. कुणी ओळखलं नव्हतं. दुसरी कुठली तरी मेढ निघाली असती, लग्न लागलं असतं, शामकला केशोरीत नांदली असती. मग एखाद्या फाल्गुनात डोक्यावर मोहाची टोपली घेऊन ती या झाडाखालून गेली असती, आणि बरोबरच्या बायकांनी तिला ही गोष्ट सांगितली असती. शामकलानेही मान हलवली असती, मामासारखी. म्हणाली असती, कशी बाई असेल ती!

अनुसयाबाई खाली बसली. गाठोडं मांडीवर घेऊन तिने गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, दात लावावे लागले. लुगड्याच्या घडीतून पातं काढून तिने ते पहिल्या गोट्यावर ठेवलं. त्याला गंज चढला होता.

“सौंदडवाली मीच होय,” ती म्हणाली.

“बाई!” शालीकराम किंचाळलाच. “का बोलून राह्यली तू? इवाई, म्हंजे पाहुने, हिले ऊन लागलं जी—”

“ऊन नाही लागलं, दादा. मी तोडला धावडा. याच लोखंडानं.”

भैयाजी उभे राहिले. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग तांबडा. “म्हंजे नाव लपवून पोरगी देत होता तुमी?” ते शालीकरामला म्हणाले. शालीकरामच्या तोंडचं पाणी पळालं. तोंडातली तंबाखूही त्याला गिळवेना की थुंकवेना.

“त्याले काही मालूम नाही,” अनुसयाबाई म्हणाली. “लपवलं मी. त्याले बोलू नका.”

मग ती बोलली. खाली पाहून, गोट्यावरच्या पात्याशी बोलावं तसं. सोमवारी सासू गेली. तिला घरच्या वळईतल्या लाकडांनी जाळलं. बुधवारी नवरा गेला. घरात लाकडाचं चिपाड नव्हतं.

“तीन दारं वाजवली. दोन घरात मानसं पडून होती, माह्यापेक्षा वाईट. तिसरं उघडलंच नाही. मान्साले तसंच कसं ठेवू? पहाटे पोर घेऊन आली, तोडला, ओढत नेला. ओलं लाकूड. दिवसभर नुसता धूर. मी पुढं बसून फुकत होती.” तिने पात्यावरचा गंज बोटाने खरवडला. “तिसऱ्या दिवशी राख सावडाले जात होती तं येथून गेली. मनात होतं, झाडाच्या पाया पडावं. पाहतो तं खुंटाभवती बोराटीचे काटे. तीन गोटे. आमच्या सौंदडकडं ज्याच्या दाराले बोराटी लावली त्याचं पानी बंद, विस्तव बंद. मले वाटलं, गावानं माह्या नावाचं दार लावलं. त्या तीन दिवसांत माह्या घरी कोनी आलंही नव्हतं. मंग मी पोर काखेत घेतली न चालू लागली.”

 वर कुठेतरी सुतार पक्षी ठोकत होता, तेवढाच आवाज.

“ते कसे येतीन?” शेवटी सुकराम म्हणाला. सकाळपासून त्याने उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं. तो दांड्याला धरून हळूहळू खाली बसला, अनुसयाबाईच्या समोर. “बाई, ते काटे मी लावलो. गोटे मी मांडलो. मंग तुले सांगाले येत होतो. खैरटोल्याच्या वाटेवर मले हीव भरलं. तेथूनच मले उचलून नेलं. पंधरा दिवसानं उठलो तं तुया दाराले कडी. बनाचा नेम सुनेले सासू सांगते. तुयी सासू तं गेली होती. मले वाटलं, मालूम असंल. कोनालेही मालूम राहते, असं वाटलं.” त्याने शेजारच्या गोट्यावर हात ठेवला. “सतरा साल लोक तुले पळपुटी म्हनत, आन मी ऐकत बसो. एकदा तरी म्हनाले पायजे होतं का मी सांगतलोच नाही तिले. ते नाही म्हनलो.”

भैयाजींनी उपरणं पुन्हा खांद्यावर ओढलं. ते झाडाभोवती एक चक्कर मारून आले. राग उतरत नव्हता, पण आता तो ठेवायचा कुणावर, हे त्यांना सापडत नव्हतं.

“मी तं तुमाले वळखलो नव्हतो,” ते म्हणाले. “मेढ घेऊन गेल्या असत्या. मंग आज कायले सांगतलं?”

“माही शामकला येथी नांदनार हाये,” अनुसयाबाई म्हणाली. “ह्या झाडाची गोष्ट तिनं लोकांच्या तोंडून ऐकू नये. सोयरीक मोडली तं मोडली. मी तिले सांगीन.”

एवढं बोलून झाल्यावर तिला रडू आलं. ते तिने थांबवलंही नाही. सोयरीक मोडली तर मोडली, असं म्हणणं निराळं; घरी जाऊन त्या हसणाऱ्या पोरीसमोर उभं राहणं निराळं. शालीकराम बहिणीजवळ येऊन बसला आणि काय करावं ते न सुचून त्याने पानावरचा सगळा चुना जमिनीला पुसून टाकला.

“खैरटोला नको म्हनत होती, ते हेच होय,” तो आपल्याशीच म्हणाला.

सुकरामने गोट्यावरचं पातं उचललं. उलटंपालटं करून पाहिलं. मग त्याच गोट्यावर थुंकी टाकून तो ते घासू लागला. खर्र, खर्र. गंज तांबडा होऊन ओघळला आणि धारेची एक बारीक रेघ चमकली.

“अरे, बनात लोखंड!” शालीकराम म्हणाला. “तुमीच तं माही डबी ठेवून घेतली.”

“ज्याचं झाड त्याच्या लोखंडाले मनाई नाही,” सुकराम घासता घासता म्हणाला. “फाटकातच समजलो मी. गाठोडं कपड्याचं, आन खांदा लोखंडाचा वाकलेला. म्हनलो, आली.”

त्याने आपला दांडा पात्यात बसवला. दोनदा जमिनीवर आपटून घट्ट केला. मग कुऱ्हाड आडवी करून दोन्ही हातांवर धरली आणि अनुसयाबाईपुढे केली.

“तीन खोडं हायेत. कोनतं काढाचं, ज्याचं झाड त्यानं सांगाचं. घावही त्याचाच.”

अनुसयाबाईने हात मागे घेतले. “मी? मांडवाची मेढ? माह्या हातानं?”

“हो न,” शालीकरामही चाचरत म्हणाला. “ते शुभकाम होय बापा. बाई तं...”

“बनाले कुकू दिसत नाही,” सुकराम म्हणाला. “हात दिसते.”

तिने भैयाजींकडे पाहिलं. सुकराम काय म्हणतो ते खरं असेल, पण पोरगी ज्या घरात जायची त्या घराचा कर्ता तो समोर उभा होता. त्याने पाठ फिरवली असती तर ती कुऱ्हाडीला शिवलीही नसती. भैयाजी झाडाच्या शेंड्याकडे पाहत होते.  मग त्यांनी धोतराचा काचा वर खोचला, पुढे आले आणि तिन्ही खोडांवर एकेक करून हात ठेवून पाहू लागले. बैल निवडावा तसे. मधल्यावर त्यांचा हात थांबला. ते खोड त्यांनी खांद्याशी ओढून धरलं, म्हणजे पडताना ते दुसऱ्या दोन खोडांवर पडू नये. घट्टा पडलेला तोच खांदा होता.

“घाव खालून घाला, इहीनबाई,” ते म्हणाले. “खालून घातला का फुटवा जोरात येते.”

शालीकरामने मान वर केली. आपण बरोबर ऐकलं का, म्हणून त्याने सुकरामकडे पाहिलं. सुकराम बोराटीच्या जाळीकडे पाहत होता.

अनुसयाबाईने पदर खोचला. कुऱ्हाड हाताला जड लागली नाही. पहिला घाव नीट बसला नाही, साल नुसती सोलली गेली आणि आतून ओल दिसली. दुसऱ्या घावाला तिने दात आवळले. तिसऱ्यापासून पुढे तिला मोजावंसं वाटलं नाही. भैयाजी खोड धरून मधून मधून ‘जरा डावीकडून’ असं सांगत होते, आणि त्यांच्या डोक्यावर धावड्याची वाळकी बोंडं झरत होती.

खोड कलंडलं तसं शालीकरामने धावत जाऊन ते झेललं आणि पोरीचा मामा म्हणून ते खांद्यावर घेतलं. पुरुष-दीड पुरुष उंचीची, सरळ, गाठ नसलेली मेढ. ओलं लाकूड भलतंच जड होतं, पण त्याचा चेहरा वरात घेऊन निघालेल्या माणसासारखा झाला.

“चला, इवाई!” तो म्हणाला, आणि या वेळी कुणी त्याला दुरुस्त केलं नाही. “गाडीत घेतीन का नाही हे? गार्डाले सांगावं लागंल. चल बाई. अवं, चल ना! कुठी चालली?”

अनुसयाबाई त्याच्या मागे आली नव्हती. ती कुऱ्हाड घेऊन उलट्या दिशेला, जाळीकडे निघाली होती. ताज्या खुंटाला लावायला बोराटी हवी होती.